दिवसाढवळ्या चंद्र

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई गोजरबाई, हट्टाला पेटल्या की देवानंसुदिक हात टेकावेत. काल संकष्टी. आभाळ गच्च, चंद्राचा पत्ता न्हाय. सगळ्या गल्लीनं पंचांगातली येळ बघून जेवणं उरकली. आत्यांचं मात्र एकच, "डोळ्यानं बघितल्याबिगर पाणीसुदिक घेणार न्हाय." बरं, उपाशी बसायचं तर गप बसावं की! डॉक्टरनं चुकवू नका म्हनलंय म्हणून आज सकाळी शुगरची गोळी तेवढी कोरडीच गिळली.

साडेसातला मी एमआयडीसीतनं रातपाळी करून आले, तर आत्या उंबऱ्यात घामानं थबथबलेल्या, हात लटलटतायत. साखर उतरली, मी वळखलं. साखरपाणी कालवून तोंडाला लावलं, तर दात गच्च.

"आत्या, मरचाल की वो!"

मान हलवून न्हायच.

रागानं आभाळाकडं बघून शिवी हासडणार, तवर माझा आ वासलेला तसाच ऱ्हायला. ढग पांगलेले. पाठीवर ऊन चटकतंय, आन म्होरं पाण्याच्या टाकीवर चंद्र! पांढराफटक, कडंला कुरतडलेल्या भाकरीवानी. आगं बाई! डोळं चोळून परत बघितलं. मागं सूर्य, म्होरं चंद्र, दोघं एकाच आभाळात. चाळीस वर्सं खाली मान घालून कामाला पळाले, सकाळचं वर कदी बघितलंच न्हाय.

"आत्या, त्यो बघा चंद्र!"

"खोटं बोलू नगंस. दिवसा कुटं चंद्र असतो व्हय?"

मी त्यांची हनुवटी धरून वर केली. त्यांनी चंद्र बघितला, मग सूर्य, मग परत चंद्र. तोंडावरचा रंगच उडाला. मला वाटलं, झालं, गेली म्हातारी.

"सिद्धी," त्या पुटपुटल्या.

सिद्धेश्वरी माझी नणंद. कुर्डुवाडीला असते. माझ्या लग्नाच्या आदीपासनं माहेरी आलेली न्हाय. का, ते मला कुणी सांगितलं न्हवतं.

"पोटुशी हुती गं. संकष्टीच हुती, रातचं असंच आभाळ. सकाळी घास घेताना म्या धरली. म्हनली, आई, चंद्र बघूनच बसलीया. सूर्य कासराभर वर आलेला... समद्या पावन्यांम्होरं थोबाडीत हानली तिच्या. खोटारडी म्हनलं."

"आदी पाणी प्या वो!" मी रडकुंडीला आले.

"तिला इचार, पिऊ का म्हनून."

फोन लावला, आवाज मोठा केला. "वन्सं, आत्यांनी चंद्र बघितला," मी म्हनलं. "आत्ता. उनात."



वन्संचा आवाज आला, "तिला म्हनावं, जेव."

आत्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आन पाणी प्यायल्या.