चंदनाचं फूल

मालिका संपून अकरा वर्षं झाली तरी मृदुला कारखानीसच्या गळ्यातला चंदनाचा हार निघाला नव्हता. त्याच्यावर कात्री चालत नसे, आणि डोक्यावरून काढायला जावं तर तो हनुवटीशी अडे. ती तो घालूनच भाजी आणायची, बँकेत जायची. लोक हळहळायचे, "अरेरे, कुंदा ना तुम्ही!" आणि तिला रांगेत पुढे जाऊ द्यायचे.

'कुंदाचं काय झालं?' ही ती मालिका. कुंदा पहिल्या मिनिटालाच मेलेली. मृदुलाचं काम एवढंच, की भिंतीवरच्या फोटोत हार घालून बसायचं. तीनशे भाग, आणि वाक्य एकही नाही. मेलेल्या कुंदाच्या मुठीत चंदनाचं एक फूल सापडलं होतं. ते आलं कुठून, यावरून लोक अजून भांडतात.

आता मालिकेचे दिग्दर्शक देवस्थळी सर कुंदाच्या शेवटच्या पाच दिवसांवर सिनेमा काढत होते. कुंदा म्हणून त्यांनी रेवा नावाची एकवीस वर्षांची पोरगी घेतली. मृदुलाला बोलावणं नव्हतं, तरी ती सेटवर गेली.

पहिल्या दिवशी रेवाने झोपाळ्यावर बसून तिखटमीठ लावलेली कैरी खाल्ली. चार टेक, चार कैऱ्या. मृदुलाचा नुसता जळफळाट झाला. तिला तीनशे भागांत कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. फोटोला कोण विचारणार? हार बोटभर आखूड झाला. दुसऱ्या दिवशी रेवा खदखदून हसली. तिसऱ्या दिवशी ती आईशी असं सुरेख भांडली, की सेटवर चहा वाटणाऱ्या स्पॉटदादांचे डोळे भरून आले. चौथ्या दिवशी हार इतका आवळला, की मृदुलाला चहा गिळता येईना.

"सर, हे दिवस माझे आहेत," ती म्हणाली.

"तुझे कसे? तू तर मेलेली होतीस."

"मग हिला मारतो कोण?"

"मला कुठं माहीत? तीनशे भाग शोधलंच की आपण."

पाचव्या दिवशी भर दुपारी तळ्याकाठी शेवटचा सीन लागला. खुनी आलाच नव्हता. रेवा मृदुलाजवळ आली.

"ताई, खरं सांगू? मला तुमचाच हेवा वाटतो. माझे पाच दिवस लोक विसरतील. फोटो तुमचाच राहील. हा हार एकदा घालून बघू?"

म्हणजे हेही हवंच का हिला? जगणं तर घेतलंच, आता मरणही घ्यायला निघाली!

"निघत नाही गं तो."

"बघू तरी," म्हणत रेवाने हाराला हात घातला.

"मृदुला, थोडी फ्रेममध्ये ये," सर म्हणाले. "अ‍ॅक्शन."

मृदुलाचे हात रेवाच्या गळ्याकडे गेले. पाच दिवस ते तिकडेच निघाले होते. हाराचं एक फूल तुटून रेवाच्या हातात आलं. अकरा वर्षांनी हार सैल झाला, मृदुलाच्या डोक्यावरून सुटला आणि खाली पडलेल्या रेवाच्या गळ्यात जाऊन बसला.

"अरेरे, कुंदा!" स्पॉटदादा म्हणाले. ते मृदुलाकडे बघत नव्हते. कॅमेरा रेवाच्या मिटलेल्या मुठीवर होता, आणि देवस्थळी सर काही केल्या कट म्हणत नव्हते.