पहारेकरणीने लावलेली आग

मित्रांनो, मी एक जुनी पहारेकरी पेशी आहे. कुंडल गावच्या शिवांजलीच्या मेंदूत राहते. ती आठ वर्षांची आहे आणि मी तिच्याहून थोडी मोठी. कारण ती आईच्या पोटात मुगाएवढी असतानाच मी इथे वस्तीला आले. डॉक्टर मला मायक्रोग्लिया म्हणतात. आज जे सांगणार आहे, ते सांगताना मला मान वर करवत नाही.

आधी चांगले दिवस सांगते. मला झाडाच्या फांद्यांसारखे हात आहेत. ते हलवत मी शेजारच्या पेशींना सतत चाचपत असायची. कुठे काही मेलं की उचलायचं, पेशींना जोडणारे नको असलेले दुवे छाटायचे, म्हणजे हवे असलेले जोर धरतात. शिवांजली पहिल्यांदा "आबा" म्हणाली, तो दुवा माझ्या अगदी शेजारचा. तिचे आजोबा सयाजी इतके हरखले, की उसाला सोडलेलं पाणी तसंच वाहत राहिलं. तुम्ही म्हणाल, हे तुला कसं कळलं? अहो, तिच्या कानांनी ऐकलेलं सारं आमच्याकडेच येतं ना!

गेल्या मार्गशीर्षात तिला ताप आला. विषाणू मेंदूच्या दारापर्यंत आले. मी हात आखडले, फुगले आणि मोठ्याने हाकारा दिला. रक्तातून पांढऱ्या पेशी धावत आल्या. विषाणू लवकरच संपले. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी ओरडतच राहिले. आलेल्यांनी आपलं-परकं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. ज्यांच्यासाठी पहारा द्यायचा, त्याच पेशी आम्ही भाजून काढल्या. शिवांजलीला झटका आला. शुद्धीवर आली तेव्हा आजोबांकडे बघून तिचे ओठ नुसतेच हलले. शब्द सापडेना. तो दुवा माझ्याच हातांखाली होता.

सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू गेलाय. आता ही सूज तिच्याच रक्षक पेशींमुळे आहे."

सयाजींनी विचारलं, "म्हंजी पाचट जाळाय गेलो आन् उभा ऊस पेटला, तसं?"

"अगदी तसंच, आजोबा."

पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात राहणारा वाळका पाला. तो पेटवून रान मोकळं करतात.

आधी सलाइनमधून औषध दिलं, मग घरी गोळ्या. "मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत," असं बाईंनी बजावलं. औषधाने आमचा आरडाओरडा थांबला. पंधरा दिवसांनी, अडखळत का होईना, ती "आबा" म्हणाली.

पण गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला, भूक वाढली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली एक बाई हसली, "शालूबाई, नात लय फुगलीया की वं! काय खाया घालताय?" आजीला ते लागलं. सकाळची गोळी देणं तिच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळ्या पिठाच्या डब्यामागे सारल्या.

मित्रांनो, मी शांत झाले होते, विझले नव्हते. चौथ्या दिवशी मला जाग आली आणि मी पुन्हा तोच हाकारा दिला.

शिवांजलीच्या हातातली वाटी पडली. "आ… आ…" एवढंच ती म्हणाली. तिची आई संयोगिता धावत आली. तिने सासूला विचारलं,

"आत्ती, गोळी दिली न्हवं?"

शालूबाईने पडलेली वाटी उचलली. मग म्हणाली, "बरी झालीया की ती! तोंड बघ पोरीचं, भोपळा झालाय. कशाला उगं इख घालायचं?"

तेव्हा सयाजी जवळ येऊन बसले. "शालू, बांधापल्याडच्या नाथाजीचा ऊस कशानं जळला?"

"वाऱ्यानं. गावाला ठावं हाय."

"वाऱ्यानं न्हाई. पाचट इजलं म्हणून मी घरला जेवाय आलो. वरनं राख दिसत हुती. खाली हात घालून धग बघितली न्हाई मी. सात वरसं झाली, नाथाजीच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला."

शालूबाईने उठून पिठाचा डबा सरकवला. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आवं, गाडी काढा. बाईस्नी मीच सांगते, माझं चुकलं म्हणून."

या वेळी बरं व्हायला कित्येक महिने लागले. सांगलीहून परतल्यावर सयाजी नाथाजीकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, शिवांजली बरोबर नव्हती. ती अजून सातच्या पाढ्यात अडकते. तिची अक्षरं उजवीकडे कलतात. मी जे गिळलं, ते मला परत देता येत नाही. फक्त त्या जागेशेजारी एक नवा, नाजूक दुवा उगवला आहे.

काल शेवटची गोळी संपली, तीही बाईंनी सांगितल्यावरच. सयाजींनी ती स्वतः दिली. मग तिच्या कपाळावर तळहात ठेवून बराच वेळ तसेच बसले, राखेतली धग बघावी तसे.

"आबा, सोडा की! लय खरखरीत हाय तुमचा हात."

मित्रांनो, मी वाईट नाही, पण कुठे थांबायचं ते मला दर वेळी कळतंच असं नाही. म्हणून तुमच्या घरी कोणाची गोळी मध्येच बंद करावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारणींना नको, आणि मलाही नको. त्या खरखरीत हाताखाली, कपाळाच्या हाडाआड मी बसले होते. हात हळूच पसरत होते, त्या नव्या दुव्याला धक्का न लावता.