पाचव्या खणातली डिस्क

डिझाइन विभागाचा फोन अकरा दिवस रोज येत होता. ड्रॉइंग उघडायला लावावं, कँटीनला जाऊन चहा घ्यावा, परत यावं, तरी ते अर्धंच उघडलेलं असायचं.

आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख नीळकंठ गर्गे. त्यांनी कारण खुर्चीतून न उठताच शोधून काढलं होतं. डिझाइनमधली नवी मुलगी, नलिनी देशकर, सर्व्हरवर अवजड फाइली ठेवते, म्हणून तो मंदावलाय. तसा मेमो त्यांनी तिच्या साहेबांना पाठवलासुद्धा. नलिनी नागपूरची, प्रोबेशनवर. महिनाअखेरीला तिला कायम करायचं होतं. मेमो गेला आणि कायम करण्याचा कागद अडकला.

मला हे पटलं नव्हतं. एकटीच्या फाइलींनी एवढा सर्व्हर बसत नाही. पण गर्गे सरांनीच मला हे काम शिकवलेलं, आणि तेही त्याच तीस सप्टेंबरला निवृत्त होणार होते. मी गप्प बसले. बोलायला हवं होतं.

बाराव्या दिवशी सर मीटिंगला गेले आणि मी सर्व्हरच्या खोलीत शिरले. कारखान्याची सगळी ड्रॉइंग आठ डिस्कवर वाटून ठेवलेली असतात. एक बंद पडली तरी उरलेल्या सात मिळून तिच्यातला मजकूर जुळवून देतात. एक जण रजेवर गेला की बाकीचे त्याचं काम ओढतात, तसं, कुरकुरत. आणखी एक बसली, तर मात्र सगळंच गेलं. पाचव्या खणावर पूजेची वाळलेली झेंडूची माळ लोंबत होती. ती बाजूला केली तर मागे लाल दिवा. डिस्क अर्धं बोट बाहेर आलेली.

यंत्राच्या नोंदीत तारीख सापडली. सतरा सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. सर मूळचे मशीन शॉपचे. तिथे पूजेआधी हत्यारं काढतात, पुसतात, परत जागेवर लावतात. ती रीत सरांनी आमच्याकडे आणली होती. सर्व्हर बंद करायचा, डिस्क काढून मऊ फडक्याने पुसायच्या, कुंकू लावून परत बसवायच्या. यंदा पाचवी नीट बसली नाही. आरती चालू असताना यंत्राने शिट्टी मारली होती आणि सरांनीच बटण दाबून ती गप्प केली होती. मी तेव्हा शेजारी टाळ्या वाजवत उभी होते.

मी आधी सगळ्या ड्रॉइंगची नक्कल काढून घेतली, मग डिस्क आत ढकलली. उरलेल्या सात तिच्यात मजकूर पुन्हा भरत असताना सर आले. खण बघितला, माळ बघितली आणि स्टुलावर बसले.

"एकोणतीस वर्षांत एक ड्रॉइंग हरवलं नाही, प्रतिभा. आता जाता जाता हे?"

"हरवलं नाहीच, सर. पण रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागेल. आणि नलिनीचा मेमो आहे."

"नुसतं 'बिघाड दुरुस्त' लिहून टाक. मेमोचं मी पाहून घेईन."

मी लिहून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मला तेव्हाही येत होती.

तीस तारखेला कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्लबात सरांचा निरोप समारंभ झाला. एकोणतीस वर्षं आणि एकही ड्रॉइंग न हरवणं, भाषणांत तीनदा आलं. मेमो मागे घेतलेला नव्हता. नलिनीचं प्रोबेशन सहा महिने वाढलं होतं. ती समोशाची प्लेट घेऊन माझ्याजवळ आली.

"मॅडम, सर्व्हर आता फास्ट चालतोय ना?"

"हो."

"मी माझ्या सगळ्या मोठ्या फाइली काढून टाकल्या. परवापासून लगेच फरक पडला बघा. सरांचं बरोबर होतं, मलाच कळत नव्हतं. त्यांना सॉरी म्हणून येते."

ती गेली आणि सरांच्या पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मला स्वतःची लाज वाटली. रजिस्टर माझ्या कपाटात होतं, किल्ली पर्समध्ये. मी समोसा संपवला.