आढीतली वाइन

परशुरामअण्णांना खाडीपलीकडचा हापूस चालत नसे. कातळ तोच, वारा तोच, पण तिकडे ऊन उशिरा पोचतं म्हणून साल जाड, असं ते ठासून सांगत. अशा माणसाला माती आणि हवा समजावणं म्हणजे भटजींना आरती शिकवणं. त्यांचा मुलगा यज्ञेश नेमका त्याच भानगडीत पडला.

प्रवासी जहाजावर वर्षानुवर्षं वाइन वाढून तो २००३च्या मे महिन्यात वेळणेश्वरला आला, तो जर्मनीतल्या एका थंड खोऱ्यातल्या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या घेऊनच. बागेवरच्या मोकळ्या उतारावर द्राक्षं लावून त्याला जहाजाला कायमचा रामराम ठोकायचा होता. अण्णा म्हणाले, चव आवडली तर उतार तुझा.

पहिली बाटली फ्रीजमध्ये गार करून फोडली. एका घोटात अण्णांचं तोंड वाकडं झालं.

"कोणी काढलीन रे ही द्राक्षं? कोवळीच काढलीन."

यज्ञेशने समजावलं. तिथल्या उतारांवर पाटीचा काळा दगड, तो दिवसभराचं ऊन धरून रात्री वेलींना ऊब देतो. थंडीमुळे फळ सावकाश पिकतं, म्हणून आंबटपणा टिकतो, आणि तीच तर त्या वाइनची खरी चव. अण्णांनी सगळं नीट ऐकलं आणि आपल्याला हवं तेवढं घेतलं. फळ कच्चं असेल तर त्याला औषध एकच. कुणाला न सांगता त्यांनी दुसरी बाटली आंब्यांच्या आढीत, उबदार पेंढ्यात खोल पुरली.

मोसम संपत आल्यावर त्यांनी ती काढली. वाइन काळ्या चहासारखी झाली होती. अण्णांनी मिटक्या मारल्या.

"आता कशी द्राक्षासवासारखी लागत्येय. तिकडे पिकली नव्हती, ती आपल्या उबेत पिकली. घे तो उतार."

यज्ञेशने घोट घेतला आणि त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. वास गेलेला, धार गेलेली, उरला होता नुसता शिजवलेल्या मनुकांचा गुळमट काढा. बंद बाटलीची पेंढ्यात ही गत, तर उघड्या कातळावर त्या वेलींचं काय होणार? महिनाभर तो अण्णांना थंडीचं महत्त्व पटवत होता. स्वतःला पटवायचं तेवढं राहून गेलं होतं.

"अण्णा, उतारावर हापूसच लावू या," तो म्हणाला.

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी पेला खाली ठेवला.

"इतकी वर्षं जग हिंडलास," ते म्हणाले, "पण तुला मातीतलं काही म्हणजे काही कळत नाही रे."