त्राइनच्या डब्यातल्या प्रती

गट सोडणाऱ्यानं परस्पर नाहीसं व्हायचं नाही. यायचं, एक कप कॉफी प्यायची, सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं आणि मग जायचं, असा त्या गटाचा रिवाज होता. हिस्के त्या गुरुवारी आली ती तेवढ्यासाठीच. आठ महिन्यांपूर्वी सोडलेला तिचा नवरा एव्हर्ट चार वाजता गाडी घेऊन दाराशी येणार होता आणि ती त्याच्याबरोबर परत जाणार होती.

हॉलंडमधल्या लेउवार्डन शहरातल्या वाचनालयामागची ती खोली, बाहेर कालवा, फेब्रुवारीतलं करडं आभाळ. फ्लूची साथ होती म्हणून गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी तीनच भरल्या होत्या. हिस्केनं दोन्ही हातांनी कप धरला. हात थंडीनं लालभडक झाले होते.

"हातमोजे कुठेयत गं तुझे?" डाउवेनं विचारलं. डाउवे सायकली दुरुस्त करायचा. दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा आडदांड, पण बायकोनं अठरा वर्षं 'तू मठ्ठ आहेस' असं त्याच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं, की अजून दुकानात गिऱ्हाईकाला भाव सांगताना तो घाबरायचा.

"सकाळी गारा पडल्या ना, ओले झाले. घरी ठेवलेत... बहुतेक."

ते 'बहुतेक' तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असायचं.

इथं येणाऱ्या सगळ्यांनाच कुणी ना कुणी, तेही अगदी घरच्यानं, वर्षानुवर्षं वेड्यात काढलेलं होतं. इथं डॉक्टर नव्हता, साहेब नव्हता. पोळलेल्यांनीच पोळलेल्यांवर फुंकर घालायची. नियम दोनच. एक म्हणजे या खोलीत कुणी कुणाला 'नक्की का?' असं विचारायचं नाही. त्या दोन शब्दांनीच एकेकाला आतून पोखरून काढलं होतं. दुसरा वहीचा. रोज घरातून निघण्याआधी काय कुठं ठेवलं, काय घडलं, ते कार्बन घालून लिहायचं. वही घरी ठेवायची, त्या पानावर पुन्हा काही लिहायचं नाही आणि खालची प्रत आपल्या जोडीदाराकडे द्यायची. जोडीदारानं ती न वाचता जपायची, लिहिणाऱ्यानं सांगितलं तरच उघडायची. ज्यांच्या आठवणींवर कुणीतरी बोळा फिरवत आलंय, त्यांना स्वतःच्या अक्षराशिवाय दुसरा साक्षीदार कोण असणार?

हिस्केची जोडीदार त्राइन. वय एकाहत्तर, उभा जन्म बेटावर जाणाऱ्या बोटीवर तिकिटं तपासण्यात गेला आणि त्यातली बारा वर्षं एका पंथाच्या गुरूनं खाल्ली. हिस्के रोज सकाळी दातांच्या दवाखान्यात कामाला जाताना तिच्या दाराच्या फटीतून घडी आत सारायची. आज सुट्टी होती, म्हणून आल्या आल्या तिनं आजची घडी त्राइनच्या हातात दिली होती. त्राइननं ती नेहमीप्रमाणे टोस्टच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

"मी परत जातेय एव्हर्टकडे," हिस्के म्हणाली. "माफ करा."

डाउवेचं बिस्किट कॉफीत पडलं. "माफी नको मागूस बाई. या खोलीत माफ्यांचा आधीच ढीग झालाय."

हिस्के सांगू लागली आणि सांगताना तिच्या कपातली कॉफी बशीत सांडत राहिली. तीन आठवडे घरात वस्तू हलत होत्या. किटलीची तोटी खिडकीकडे करून जावं, तर संध्याकाळी ती भिंतीकडे वळलेली. बुटांची जोडी उलट बाजूला. आधी वाटलं, एव्हर्ट येऊन जातोय. पण दाराला कुलूप, खिडक्या बंद. तो काय भिंतीतून येणार? आणि आज सकाळी वहीची पानं मागं उलटताना मंगळवारच्या पानाच्या तळाशी दोन ओळी दिसल्या. 'एव्हर्टबद्दल गटात सांगितलेलं सगळं मी रचलं होतं. मला मदत हवी आहे आणि ती तोच करू शकतो.'

"माझं अक्षर आहे," ती म्हणाली. "माझंच. आणि मला लिहिल्याचं काही म्हणजे काही आठवत नाही. नऊ वर्षं तो हेच सांगत होता ना, की मी रचते आणि विसरते? मग मी त्याला फोन केला. चिडलासुद्धा नाही तो. म्हणाला, काही आणू नकोस, नुसती ये."

त्राइननं तिला 'नक्की का?' विचारलं नाही. तिनं डबा मांडीवर घेतला. "उघडू?"

प्रतीतही त्या ओळी निघाल्या, तर मग संपलंच. मग आपल्या डोक्यावर आपला काही हक्कच उरला नाही. घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

"आणि त्यातही तेच निघालं तर?"

"तर मी स्वतः तुला गाडीपर्यंत सोडायला येईन," त्राइन म्हणाली.

"उघड."

मंगळवारची घडी निघाली. निळसर कार्बनी अक्षरात चार ओळी: किटली, बूट, दूध संपलंय, सायकलला डावीकडून कुलूप, बहुतेक. त्याखाली कोरा कागद. हिस्केनं तो तीनदा वाचला, उलटून पाठीमागंही पाहिला. त्या दोन ओळी नव्हत्या.

आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिची पाचावर धारण बसली. वेड लागलेलं परवडलं असतं! आता याचा अर्थ एकच होता: तो तिच्या स्वयंपाकघरात उभा राहिला होता, तिच्या टेबलाशी बसून, तिच्याच पेनानं, सावकाश, तिच्या वळणाचं अक्षर काढत. पूर्वी पाहुण्यांसमोर तो तिच्या हस्ताक्षरात शुभेच्छापत्रं लिहून दाखवायचा. सगळे पोट धरून हसायचे. तीही हसायची.

"घराची दुसरी किल्ली कुणाकडेय?" त्राइननं विचारलं.

"आईकडे."

"आणि रविवारी तुझ्या आईकडे कॉफीला अजून कोण जातं?"

दर रविवारी एव्हर्ट जात होता. एवढा सोन्यासारखा जावई, असं आई दर आठवड्याला फोनवर सांगत होती. डाउवे उठला, म्हणाला, "मी पोलिसांना फोन लावतो," आणि बाहेर बोळात गेला.

चारला दहा कमी असतानाच दारावर टकटक झाली. एव्हर्ट आत आला. साळसूद चेहरा, नीट विंचरलेले केस, ओल्या बुटांनी खोली खराब होऊ नये म्हणून पायपुसण्यावर चारदा पाय घासून. त्राइनकडे पाहून त्यानं आदबीनं मान झुकवली. त्याच्या हातात हिस्केचे हिरवे लोकरी हातमोजे होते.

"गाडीत विसरली होतीस बघ," तो मायेनं म्हणाला. "हात गारठले असतील माझ्या राणीचे."

"अरे देवा, सॉरी," हिस्के म्हणाली आणि हातमोजे घेतले. एक चढवलाही. नऊ वर्षं ती हेच करत आली होती. हातमोजा कोरडा होता, उबदार होता. आणि मग ते सुरू झालं. तिच्या डोक्यात आपोआप एक चित्र उभं राहू लागलं: गाडी, पुढची सीट, मांडीवर काढून ठेवलेले हातमोजे. आठ महिन्यांत तिनं त्याच्या गाडीत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं आणि तरी चित्र स्पष्ट होत चाललं होतं. आता सीटचा रंगही दिसत होता. तिला एव्हर्टची जितकी भीती वाटली नव्हती, तितकी त्या चित्राची वाटली.

त्राइननं डब्यातून आजची घडी काढली. उघडली नाही. नुसती समोर धरली आणि हिस्केकडे बघत राहिली.

"वाच," हिस्के कशीबशी म्हणाली.

"गुरुवार, दुपारी पावणेदोन. ताट धुतलं. खिडकी बंद. हिरवे हातमोजे ओले, दोन्ही स्वयंपाकघरातल्या हीटरवर, बहुतेक."

एव्हर्ट हसला, समजूतदारपणे, आजारी माणसाकडे बघून हसतात तसा. "हिस्के, तुला माहितेय ना तुझं कसं होतं ते. नक्की का? हीटरवरच होते? नक्की?"

त्या खोलीत ते शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते. डाउवे फोन हातात धरून दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं किंवा त्राइननं तिच्या वतीनं उत्तर दिलं नाही. तिनं हातमोजा ओढून काढला आणि टेबलावर ठेवला.

"माझ्या हीटरवर होते," ती म्हणाली. आवाज चिरका आला. "माझ्या घरात. तू ते माझ्या घरातून आणलेस."

"दमलीयस तू. चल, गाडीत बोलू." त्यानं तिच्या कोपराकडे हात नेला.

हिस्के खाली बसली आणि खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. "मी येत नाही."

"पोलीस दहा मिनिटांत येतायत," डाउवे दारातून म्हणाला. "तोवर कॉफी घेणार का?"

एव्हर्टचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून ते निघून गेलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि बाहेर पडला. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलली नाही. काचेआडून त्याचा चेहरा खिडकीकडे वळलेला दिसत होता.

"आज रात्री तू माझ्याकडे झोपायचंस," त्राइन म्हणाली. "आणि उद्या कुलूप बदलायचं."

हिस्केनं मान हलवली. तिनं त्राइनकडून कोरे कागद, कार्बन आणि पेन मागून घेतलं आणि कागदावर जोर देऊन लिहिलं:

'गुरुवार, चार वाजता. एव्हर्ट आला होता. माझे हातमोजे त्याच्याकडे होते. मी त्याच्याबरोबर गेले नाही. गाडी अजून बाहेर उभी आहे. मला भीती वाटतेय'

पेन सवयीनं पुढं सरकलं, ते नेहमीचं 'बहुतेक' लिहायला. तिनं तिथं पूर्णविराम दिला, खालची प्रत काढली आणि त्राइनच्या हातात ठेवली.