पोपटाचं मौन

लढाई चांगली वर्षभर मुरल्यावर देशाच्या लाडक्या गायकाला शांततेची आठवण झाली. वर्तमानपत्रं त्याला ‘स्वरसूर्य’ म्हणत. थोरली बहीण लहानपणापासून पोपट म्हणत आली होती. त्याने दिवाणखान्यात पत्रकार बोलावले, पांढराशुभ्र कोट चढवला आणि जाहीर केलं, ‘‘बंदुका थांबेपर्यंत माझा कंठ बंद. गाणं नाही आणि बोलणंही नाही.’’ मग ओठांवर बोट ठेवलं. नाकाची सावली पडते म्हणून छायाचित्रकाराने ते जरा डावीकडे घ्यायला लावलं.

बंदुकांना यातलं काही कळलं नाही. पण ओठांवरच्या बोटाची पोस्टरं लागली, शाळाशाळांतून पोरांना तसं उभं केलं गेलं (मास्तरांना तेवढाच विसावा), आणि परदेशातून शांततेचं पदक जाहीर झालं.

त्याची ही थोरली बहीण, ताई, सैनिकांचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायची. शिलाईच्या दालनात भिंतीवर एक कर्णा होता. त्यातून दिवसभर एकच गाणं वाजायचं. मागच्या लढाईत पोपटाने गायलेलं, त्याला पोपटाचा स्वरसूर्य करणारं: ‘पुढे पाऊल, मागे राख!’ भरतीच्या मांडवातही तेच लागायचं. ताईचा मुलगा ते ऐकता ऐकताच सही करून आला होता आणि आता आघाडीवर होता.

सुट्टीच्या दिवशी ताई भावाकडे गेली. तो गळ्यात पाटी अडकवून सोफ्यावर बसला होता.

‘‘पोपट, एक कर. ते गाणं बंद करायला लाव. तुझं आहे, तू म्हणालास तर ऐकतील.’’

त्याने पाटीवर लिहिलं, ‘ते आता जनतेचं आहे.’ जरा थांबून खाली लिहिलं, ‘चालही उत्तम आहे.’

‘‘चाल उत्तम आहे म्हणूनच पोरं चालत जातात ना रे!’’

‘‘वन्सं, यांना बोलायला लावू नका हो,’’ भावजय कळवळली. ‘‘चुकून तोंड उघडलं तर पदक जायचं. चहा टाकते.’’

पोपट कलेच्या आत्म्याविषयी लिहू लागला. एक बाजू भरली तशी त्याने पाटी उलटी केली. ताई चहा न घेताच उठली.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढली आणि काजाच्या कात्रीने कर्ण्याची वायर कापली. दालनात नुसती यंत्रांची खडखड उरली. कुणीतरी ‘‘हुश्श!’’ केलं.

मुकादम धावत आला. ‘‘कोणी केलं हे?’’

‘‘मी. कान किटले होते.’’

संध्याकाळच्या आत ताई पोलीस ठाण्याच्या बाकावर होती. गुन्हा: सार्वजनिक शांततेचा भंग.

भाऊ कोण ते कळल्यावर फौजदाराने स्वतः फोन लावला. पोपट छायाचित्रकाराला घेऊनच आला. कॅमेरा कुठे आहे ते बघून त्याने बहिणीला मिठी मारली आणि पाटी पुढे केली: ‘क्षमा हाच शांतीचा पाया.’

‘‘सोडतो की साहेब,’’ फौजदार उठून उभा राहिला. ‘‘फक्त एक ओळ ऐकवा. तेच गाणं. नाहीतर घरी कोणी विश्वास ठेवायचं नाही.’’

पोपटाने पाटीकडे बघितलं, मग जमलेल्या शिपायांकडे. किती आठवडे झाले, कोणी टाळी वाजवली नव्हती.

‘‘पोपट, नको,’’ ताई म्हणाली. ‘‘मी बसते इथेच. बाकावर बसायची सवय आहे मला.’’

तो गायला. एका ओळीची दोन झाली, दोनाचं कडवं झालं. शिपाई दंडुके आपटत ताल धरू लागले, कोठडीतला पाकीटमार गजांवर साथ देऊ लागला. तिसऱ्या कडव्याला ताईने पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. तिला अडवायला कोणी मोकळं नव्हतं.

सकाळी मथळा होता: ‘बहिणीसाठी मौनत्याग!’ पदकवाले गहिवरले. पोपट परदेशी गेला, पदक घेतलं, आणि आग्रहाखातर तिथेही तेच गायला. तिथल्या लोकांना शब्द कळले नाहीत. शांतीचं गाणं समजून ते उभे राहिले.

ताईची नोकरी गेली. इस्पितळात फाटक्या चादरी शिवायचं काम मिळालं. मुलाची कधी खबर यायची, कधी नाही. एक दिवस जुन्या मैत्रिणी घरी आल्या.

‘‘नवा कर्णा बसवलाय, स्टुलाने हात पोचत नाही इतका उंच,’’ एक म्हणाली. ‘‘मग आम्ही सगळ्यांनी कोटात भरायचा कापूसच कानात घातला. मुकादम बोंबलतो, कोणाला ऐकू जात नाही. परवा कापड बेतणाऱ्यांनी बाह्यांचा चुकीचा गठ्ठा दिला, तो ओरडत राहिला, आणि आम्ही पन्नासेक कोटांना दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या!’’

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत तिने विचारलं,

‘‘असला कोट घालून लढता येतं का गं?’’

मैत्रिणीने दोन्ही हात आखडून बघितले. ‘‘नेम नाही धरता येणार. हात वर मात्र करता येतील.’’

‘‘मग तशाच लावत राहा,’’ ताई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.