आधी तिच्यासाठी

कॅप्सूल तळहातावर होती, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. सकाळी नऊ, रात्री नऊ, चुकवायची नाही – आत बसवलेली परकी किडनी शरीरानं परकी म्हणून ओळखू नये, यासाठी. ओळखू नये... ओळख विसरणं आपल्याला चांगलंच जमतं, मंजुषाच्या मनात आलं. किडनी बसवून सात महिने झाले, आपण गौहरभाभीकडे एकदाही गेलो नाही.

तीन वर्षं दोघींच्या खाटा शेजारी होत्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, डायलिसिसच्या मशीनला जोडलेल्या. मंजुषा शाळेतल्या उत्तरपत्रिका तपासायला आणायची, गौहर तसबीहचे मणी ओढत पडायची. आणि सुई आत शिरताना मंजुषा इतकी कळवळून देवाला हाक मारायची, की खरंच कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. मग एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. पिशोर गावाकडचा एक तरुण, अपघातात मेंदू निकामी झालेला, किडनी द्यायला घरच्यांनी होकार दिलेला... "देवा, पावलास!" ती मोठ्यानं म्हणाली होती. त्यानंतर देवघरात दिवा रोज लागला, पण तसं कळवळून हाक मारणं काही झालं नाही. गर्दीत जाऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते, हे खरं. पण ती पुतणीच्या साखरपुड्याला जाऊन आली होती, हेही खरंच.

आज गौहरकडे निघालेली रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली, तेव्हा परत फिरावं असं तिला वाटलं. माझं बरं चाललंय, हे भाभींना कोणत्या तोंडानं सांगायचं?

छावणीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात गौहर पलंगावर टेकून बसली होती. पार वाळलेली, चेहरा काळवंडलेला, पावलांवर सूज.

"अगं माय, मंजुषाताई! या, बसा. मास्क नका काढू, सून खोकतीय."

तिनं पाण्याचा भरलेला ग्लास पुढं केला आणि स्वतः बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवला. मंजुषानं ग्लास नुसताच हातात धरला.

"प्या ना. तुम्हाला आता मनाई नाय. तुम्ही प्यायलात की मला गार वाटतं."

"भाभी, मी आधीच यायला हवं होतं. माझा नंबर लागला, तुमचा नाही... तोंड दाखवायची लाज वाटली मला."

"तुमचा रक्तगट येगळा, माझा येगळा. माझ्या ताटातलं थोडंच उचललं तुम्ही?" गौहर हसली. "तुमची खबर आली तवा मी मशीनवरच व्हते. तिथंच दुआ केली. आधी त्या पोराच्या अम्मीसाठी. मग तुमच्यासाठी."

मंजुषानं ग्लास खाली ठेवला. तिनं विचारलं, "देवाचा राग येत नाही तुम्हाला?"

"लई येतो. भांडते की! पण भांडायलाबी समोर कोणी लागतंच ना? सुई टोचताना तोच असतो. तुम्हाला किडनी भेटली तवाबी तोच व्हता. दोन दोन नायत ते."

त्या पोराची अम्मी... सात महिन्यांत ती बाई मंजुषाच्या मनात एकदाही आली नव्हती. तरुण म्हणजे नुसती बातमी होती, किडनी कुठून आली याचं उत्तर. आणि आता एकदम दवाखान्याचा व्हरांडा, थंड फरशी, कोणीतरी पुढं केलेला कागद, सही करताना थांबलेला तो हात – आपण "पावलास" म्हणून ओरडलो, त्याच्या थोडंच आधी असेल... तीही त्याच देवाला हाक मारत असेल, पोराला वाचव म्हणून. दोन्ही हाका एकाच कानावर पडल्या असतील. आणि तिचं मागणं नाकारलं गेल्यावरही ती हो म्हणाली होती. ते बळ तिला कोणी दिलं? ते देणारा आणि आपल्याला पावलेला...

आभार मानावेत तर शब्द उमटेना. माफी मागावी तर कोणाची, तेही कळेना. गौहर पलीकडे डोळे मिटून पडली होती. मंजुषानंही डोळे मिटले. कोणीतरी होतं, याची तिला कितीतरी दिवसांनी खात्री वाटली. पण ते तिच्याकडे पाहत नव्हतं. पाठमोरं, तिकडं, त्या फरशीवरच्या बाईपाशी बसलेलं होतं... आणि जरा इकडं वळ, असं त्याला म्हणावंसं मंजुषाला वाटेना.